मुलांना साहसी गटात घालताना: आधी मैदान, मग फॉर्म, शेवटी दुकान

इंदूरच्या १२ ते १५ वर्षांच्या मुलामुलींच्या पालकांसाठी

सुदामानगर असो, लोकमान्यनगर असो की रामबाग, बहुतेक घरांत क्रम एकच असतो. पावसाळ्यात धबधब्याचा हिरवागार फोटो फोनवर येतो आणि मूल हट्ट धरतं. त्याच रात्री भटकंतीला नेणाऱ्या एखाद्या गटाचे पैसे भरले जातात, शनिवारी संध्याकाळी नवे बूट येतात आणि रविवारी पहाटे मूल बसमध्ये बसतं. दुपारपर्यंत टाचेला फोड आलेले असतात, पाणी संपलेलं असतं, आणि दम्याची गोष्ट फॉर्मवर लिहिलेली नसल्यामुळे सोबतच्या दादाला काही माहीत नसतं. संध्याकाळी मूल रडवेलं होऊन घरी येतं आणि आजी म्हणतात, "पुरे झालं हे." बहुतेक वेळा दोष गटाचा नसतो आणि मुलाचाही नसतो. चुकतो तो क्रम. खाली टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत, त्याच क्रमाने घ्या. मधला एखादा गाळला तर त्याचा त्रास पुढच्या टप्प्यावर होतो.

टप्पा १: नाव कधी घालायचं

सर्वांत सोयीचा काळ म्हणजे जुलैचा दुसरा पंधरवडा. तेव्हा शाळा सुरू होऊन मार्गी लागलेली असते आणि पावसामुळे चांगला गट मुलांना लांब नेत नाही. हॉलमध्ये किंवा शाळेच्या व्हरांड्यात गाठी, प्रथमोपचार, नकाशा आणि होकायंत्र शिकवतो. ऑक्टोबरमध्ये पाऊस ओसरून वाटा कोरड्या होतात, तोवर मुलाच्या हाताला दोरी सरावलेली असते आणि टोळीशी, म्हणजे गटातल्या आपल्या छोट्या तुकडीशी, ओळख झालेली असते. पहिली भटकंती ऑक्टोबरअखेर आणि पहिला रात्रीचा मुक्काम नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, असा हिशेब ठेवा.

मे महिन्याचं शिबिर ही पहिली पायरी म्हणून चालत नाही. पारा चाळिशीच्या वर असतो, गर्दी असते आणि एका आठवड्यात सगळं उरकायची घाई असते. ऑगस्टमध्ये थेट धबधब्याच्या सहलीने सुरुवात करणं त्याहून वाईट. नवख्या मुलासाठी तो वर्षातला सर्वांत धोक्याचा काळ आहे. त्याचं कारण आठव्या टप्प्यात आहे.

गणेशोत्सवाच्या तालमी, सहामाही परीक्षा आणि दिवाळी यांच्या तारखा आधीच कॅलेंडरवर लिहा. सुरुवातीच्या दोन महिन्यांत चार रविवार बुडणार असतील तर नाव पुढच्या वर्षी घाला. अधूनमधून येणारं मूल टोळीत परकंच राहतं, आणि तेच बहुधा गट सोडतं.

टप्पा २: कोणत्या प्रकारचा गट

इंदुरात ढोबळमानाने तीन वाटा आहेत.

भारत स्काउट्स अँड गाइड्स: साधारण १० ते १७ वर्षांच्या मुलामुलींसाठी. बहुतेक पथकं शाळांशी जोडलेली असतात, शाळेबाहेर चालणारं खुलं पथकही असू शकतं. प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान अशी चढण असते. गाठी, तंबू, स्वयंपाक, प्रथमोपचार सगळं हळूहळू येतं, आणि सहा-आठ मुलांच्या टोळीत काम वाटून घ्यायची सवय लागते. या वयाच्या मुलाला आम्ही आधी हीच वाट सुचवतो. घाई असलेल्या पालकांना ती संथ वाटते, पण हा संथपणाच मुलांच्या उपयोगी पडतो.

एनसीसीची ज्युनियर तुकडी: वय १२ पूर्ण लागतं आणि प्रवेश फक्त शाळेमार्फत मिळतो. शाळेत तुकडी नसेल तर बाहेरून नाव घालता येत नाही. भर कवायत आणि शिस्तीवर असतो, भटकंती हा त्यातला एक भाग.

खासगी ट्रेकिंग क्लब: क्लबाक्लबांत सर्वांत जास्त फरक इथेच असतो. काही फार जबाबदार असतात, तर काही म्हणजे फक्त एक बस आणि एक फोन नंबर. म्हणून पुढचा टप्पा अशा क्लबसाठी दुप्पट महत्त्वाचा.

सावध: ज्या सहलीत मोठी माणसं, कॉलेजची मुलं आणि १३ वर्षांचं मूल एकाच रांगेत चालतात, तो मुलांचा गट नव्हे. तिथे वेग मोठ्यांचा असतो आणि मूल धापा टाकत मागे राहतं.

टप्पा ३: मैदानावर दोन फेऱ्या

पैसे भरण्याआधी गटाची साप्ताहिक बैठक दोन वेळा पाहा. प्रमुखांना आधी फोन करून विचारा, "सर, एका बाजूला बसून पाहिलं तर चालेल का?" सरळ नकार आला, तर तिथेच थांबा. पहिल्यांदा तुम्ही एकटे जा आणि दुसऱ्यांदा मुलाला घेऊन जा.

वेळेच्या १५ मिनिटं आधी पोहोचा आणि संपल्यावर १५ मिनिटं थांबा. खरी माहिती या अर्ध्या तासात मिळते. हजेरी कागदावर घेतात का? मूल घरी कोणासोबत गेलं याची नोंद होते का? न्यायला कोणी आलेलं नसेल, तर त्या मुलाजवळ कोण थांबतं? मोठी मुलं लहानांना गाठ शिकवताहेत, की लहानांना नुसती पळवताहेत? एखादं मूल चुकलं तर सगळ्यांसमोर त्याची टर उडवतात का? शिक्षा म्हणून उठाबशा आणि उन्हात उभं करणं दिसलं, तर जंगलात तीच माणसं दमलेल्या मुलाशी कशी वागतील याचा अंदाज येतो.

मग प्रमुखांशी बसून बोला. प्रश्न लिहून न्या, कारण समोर बसल्यावर अर्धे विसरतात.

- साध्या पायवाटेवर किती मुलांमागे एक मोठं माणूस? दर आठ-दहा मुलांमागे एक, आणि गट कितीही लहान असला तरी किमान दोन, असा आग्रह धरा. एकाला जखमी मुलाजवळ थांबावं लागलं, तर बाकीच्यांना परत आणायला दुसरा हवा.
- मुली असतील तर सोबत स्त्री-प्रशिक्षक आहे का? दिवसाची सहल असली तरी हवी.
- एकट्या मुलासोबत एकटं मोठं माणूस बंद जागी, तंबूत किंवा गाडीत राहणार नाही, असा गटाचा नियम आहे का? तक्रार आली तर कोणाकडे जायचं? पॉक्सो कायदा, २०१२ प्रमाणे मुलांवरील लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना न कळवणं हाही गुन्हा आहे. हे ज्या प्रमुखाला माहीत आहे, तो या प्रश्नाने दुखावत नाही.
- दोरीची कामं कोण शिकवतं? गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स म्हणजे स्वतः चढायला शिकणं. इतरांना शिकवण्यासाठी त्यापुढे ॲडव्हान्स आणि मग मेथड ऑफ इन्स्ट्रक्शन हा वेगळा कोर्स असतो. उत्तरकाशी, दार्जिलिंग, मनाली यांसारख्या संस्थांचं प्रमाणपत्र असेल, तर ते नेमकं कोणत्या कोर्सचं आहे ते वाचून पाहा.
- गेल्या वर्षी कोणतं मूल जखमी झालं, आणि तेव्हा काय केलं? "आमच्याकडे कधीच काही झालं नाही" यापेक्षा "एकाचा घोटा मुरगळला, पट्टी बांधली, दोघांनी आणून एक्स-रे काढला" हे उत्तर जास्त भरवशाचं.

रॅपलिंग, म्हणजे दोराच्या आधाराने कडा उतरणं, असेल तर साहित्य हातात घेऊन पाहा. हेल्मेट, हार्नेस (कमरेला-मांड्यांना बांधायचे पट्टे) आणि कॅरॅबिनर (दोर अडकवायची धातूची कडी) यांवर यूआयएए (गिर्यारोहणाची आंतरराष्ट्रीय संघटना) किंवा ईएन (युरोपीय) मानकाचा शिक्का हवा. कॅरॅबिनरवर लांबीच्या दिशेने किती किलोन्यूटन भार पेलतो तो आकडा कोरलेला असतो, तो २० किंवा अधिक असावा. बाजारातल्या किल्ल्या अडकवायच्या रंगीत कड्या दिसायला तशाच असतात, पण त्यांवर हा आकडा नसतो. दोर कधी घेतला ते विचारा. नायलॉनचा दोर न वापरता ठेवला तरी १० वर्षांनंतर बाद धरतात. उतरणाऱ्या मुलाला मुख्य दोराखेरीज दुसरा सुरक्षा-दोर आणि तो धरणारं वेगळं माणूस हवंच, यात तडजोड नको.

तपासा: दुसऱ्या फेरीनंतर मुलाला एकच प्रश्न विचारा, "तिथे कोणाचं नाव आठवतंय?" एकही नाव सांगता आलं नाही, तर अजून एक बैठक पाहा.

टप्पा ४: तीन आठवड्यांची घरची तयारी

बहुतेक घरांत हा टप्पा सुटतोच. मूल क्रिकेट खेळतं म्हणून चार तास चालेल, असं गृहीत धरलं जातं. पण मैदानावर मूल दमलं की बसतं. डोंगरावर दमलं तरी परतायचं अंतर तेवढंच उरतं.

पहिला आठवडा: चार दिवस, रोज ३० मिनिटं भरभर चालणं, रिकाम्या हाताने.
दुसरा आठवडा: चार दिवस, ४५ मिनिटं. त्यातला एक दिवस जिने, चार मजले पाच वेळा चढउतार.
तिसरा आठवडा: पाठीवर ३ किलोची सॅक. एक सकाळ रालामंडलची किंवा पितृ पर्वताची चढण.

चालण्याइतकीच बाकीचीही तयारी हवी. स्वतःची पिशवी स्वतः भरता येते का? नाडी सुटली तर थांबून बांधता येते का? उघड्यावर शौचाला जाऊन, खड्डा बुजवून, हात धुऊन येता येतं का? आणि सर्वांत महत्त्वाचं, "सर, मला चक्कर येतेय" हे वेळेत सांगता येतं का? वाढत्या वयातली मुलं लाजतात, चारचौघांत कमी दिसू नये म्हणून गप्प राहतात. घरी सराव करून घ्या. दमलो, तहान लागली, पाय दुखतोय, ही तीन वाक्यं मोठ्याने म्हणायला लावा. मूल घरी मराठी बोलत असलं तरी गटात सगळं हिंदीतच चालतं, तेव्हा ही वाक्यं हिंदीतही तोंडात बसू द्या.

एखादी रात्र मामाकडे किंवा मित्राकडे, आईबाबांशिवाय, झोपवून पाहा. ज्या मुलाला तिथे झोप येत नाही, त्याला तंबूतही येणार नाही.

तपासा: ३ किलो वजन घेऊन ५ किलोमीटर दीड तासाच्या आत, आणि दुसऱ्या दिवशी शाळेला जाण्याइतके पाय शाबूत. हे जमलं तरच पुढे.

टप्पा ५: आरोग्याचा रकाना, खरा आणि पूर्ण

फॉर्ममध्ये नाव-पत्ता कोणी चुकवत नाही. चूक होते आरोग्याच्या रकान्यात. "लिहिलं तर घेणार नाहीत" या भीतीने पालक तिथे "काही नाही" लिहितात. पण दमा असलेलं मूल गटाला सांभाळता येतं. दमा लपवलेलं मूल सांभाळता येत नाही, कारण धाप लागली की सोबतचा दादा ती साधी दमणूक समजतो आणि "चल, थोडंच राहिलंय" म्हणत त्याला पुढे ढकलतो.

हे सगळं लिहाच:

दमा असेल तर कशाने वाढतो, धूळ की थंडी की धूर, आणि इनहेलरचं नाव. शेकोटीच्या धुराचा उल्लेख हमखास राहून जातो. इनहेलर मुलाच्या खिशात हवा, बसमधल्या बॅगेत नव्हे. दुसरा प्रमुखांकडे द्या.

फिट येत असेल तर शेवटची कधी आली आणि कोणतं औषध चालू आहे. अशा मुलाला पाण्याजवळ आणि दोरीवर न्यायचं की नाही, ते डॉक्टरांकडून लेखी घ्या.

ॲलर्जी: शेंगदाणा, एखादं औषध, मधमाशीचा डंख. आधी मधमाशी चावून अंगभर पित्त उठलं होतं, ओठ सुजले होते, असं असेल तर ते ठळक लिहा. इथल्या कडेकपारींवर आग्या माशांची पोळी असतात.

जुनं फ्रॅक्चर, वारंवार मुरगळणारा घोटा, चष्म्याचा नंबर, गाडी लागणं, झोपेत चालणं, अंथरूण ओलं होणं. शेवटच्या दोन गोष्टी फॉर्मवर लिहायला संकोच वाटत असेल, तर प्रमुखांना एकट्याला सांगा. मुलाची जागा तंबूच्या कोणत्या बाजूला ठेवायची, रात्री कधी उठवायचं, हे मग कुणालाही न कळता सांभाळता येतं.

मुलींसाठी: पाळी सुरू झाली आहे का, दुखतं का, हे स्त्री-प्रशिक्षकाला माहीत हवं. अजून सुरू झाली नसली तरी सॅकमध्ये चार पॅड आणि कागदी पिशव्या ठेवा. पहिल्यांदा सहलीतच येऊ शकते.

धनुर्वाताची लस तपासा. राष्ट्रीय लसीकरणात टीडीचा (धनुर्वात आणि घटसर्प यांवरची लस) डोस १० आणि १६ व्या वर्षी असतो. १० व्या वर्षाचा राहून गेला असेल, तर आता देऊन घ्या आणि तारीख फॉर्मवर लिहा.

रोजची औषधं असतील तर प्रत्येक डोसची वेगळी पुडी करा. तीवर नाव, वेळ, आणि जेवणाआधी की नंतर, हे लिहा.

सावध: "पोहता येतं" या रकान्यात हॉटेलच्या कमरेएवढ्या पाण्यातल्या पोहण्याला हो लिहू नका. डोक्यावरून जाणाऱ्या पाण्यात न थांबता ५० मीटर जात असेल, तरच हो.

टप्पा ६: कागद आणि पैसे

कागद थोडेच लागतात: जन्मदाखला, दोन फोटो, रक्तगट आणि ओळखपत्र. आधार द्यायचं असेल तर मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे चारच अंक दिसतात. मुलाच्या आधारची पूर्ण प्रत कुठल्याही समूहात टाकू नका.

संमतिपत्र प्रत्येक सहलीचं वेगळं हवं. "वर्षभराच्या सर्व उपक्रमांस संमती" असा कागद पुढे आला, तर त्यावर सही करू नका. प्रत्येक पत्रात जागा, जायची आणि यायची वेळ, वाहन, सोबतच्या मोठ्यांची नावं, जवळचा दवाखाना, आणि पाणी किंवा दोरी आहे की नाही, एवढं असावं. पिकअप किंवा ट्रॉलीतून मुलं नेणार असतील तर नाही म्हणा.

विम्याची प्रत मागा आणि काय-काय वगळलं आहे ते पान वाचा. बऱ्याच अपघात पॉलिसींमध्ये दोरीची आणि पाण्याची साहसी कामं वगळलेली असतात.

फोटोंबद्दल आत्ताच ठरवा. गटाच्या पानावर फोटो चालेल, पण नाव आणि शाळा एकत्र नको, हे लेखी द्या.

पैसे आधी तीन महिन्यांचे भरा. वर्षभराचे एकदम भरले म्हणून सूट मिळते, आणि मूल चौथ्या आठवड्यात "नको" म्हणालं की त्याच पैशांसाठी त्याला ओढत न्यावं लागतं. पावती घ्या.

टप्पा ७: दुकान, आणि तेही अर्धंच

आता बूट. संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडा सुजतो. जाड मोजे घालून मापा. बोट आणि बुटाचं टोक यांमध्ये अंगठ्याएवढी जागा हवी, नाहीतर उतारावर नखं काळी पडतात. तळ खोल खाचांचा रबरी असावा. मालव्याची काळी माती ओली झाली की सपाट तळाला गोळा होऊन चिकटते आणि बूट घसरतो. कॅनव्हासचे बूट नकोत. या वयात पाय लवकर वाढतो, तेव्हा महागडे बूट घेऊ नका आणि "पुढच्या वर्षीही होतील" म्हणून दोन नंबर मोठेही घेऊ नका. ढिला बूट घासतो आणि फोड आणतो.

नवे बूट किमान पाच वेळा, एकेक तास, घराजवळ घालून फिरल्याशिवाय सहलीला नेऊ नका. सुती मोजे ओले झाले की त्वचा सोलते. लोकरमिश्रित किंवा खेळाचे मोजे दोन जोड घ्या.

गणवेश, स्कार्फ, तंबू, सुरी यांतलं काहीही आत्ता घेऊ नका. स्काउट-गाइडमध्ये स्कार्फ दीक्षेच्या वेळी मिळतो, तोवर साधे कपडे चालतात. झोपायची पिशवी गटाकडे भाड्याने मिळते का ते विचारा.

सॅकचं वजन: दिवसाच्या सहलीत मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. ४० किलोच्या मुलाला ४ किलो. त्यातले २ किलो तर पाण्याचेच. उरलेल्या २ किलोंत डबा, पातळ रेनकोट, टोपी, टॉर्च, शिट्टी, जादा मोजे, नावाची चिठ्ठी आणि ओआरएसची दोन पाकिटं. बाकी काढून ठेवा. मुक्कामाला वजन वाढतं, तरी ६ किलोंच्या वर जाऊ देऊ नका.

तपासा: भरलेली सॅक मुलाने स्वतः उचलून, स्वतः पट्टे ओढून घातली पाहिजे. टॉर्च कुठे आहे हे न पाहता सांगता आलं पाहिजे. आईने भरलेल्या सॅकमधली वस्तू मुलाला जंगलात सापडत नाही.

टप्पा ८: पहिली एकदिवसीय भटकंती

पहिल्या वेळी महूजवळच्या जानापाव टेकडीसारखी जागा बरी. चढण आहे, पण रस्ता जवळ आहे, त्यामुळे एखादं मूल दमलं तर खाली आणता येतं. चोरल किंवा मानपूरच्या दऱ्या दुसऱ्या-तिसऱ्या वेळेसाठी राखून ठेवा.

आदल्या दिवशी पायाची नखं सरळ कापा, भरपूर पाणी प्यायला द्या, दहाला झोपवा. सकाळी पोहे चालतील, पण पोटभर नव्हे, आणि गाडी लागणाऱ्या मुलाला जिलबी नको. डब्यात दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, उकडलेला बटाटा, शेंगदाणा-गुळाचे लाडू. शेव आणि चिवडा तहान वाढवतात, ते घरी परतल्यावर. दही घातलेलं काही देऊ नका.

पाणी दर २० मिनिटांनी चार-पाच घोट, तहान लागण्याची वाट न पाहता. ओआरएसचं पाकीट एक लिटर पाण्यातच कालवायचं. अर्ध्या बाटलीत कालवलेलं जास्त खारट पाणी उलट नुकसान करतं. पाकीट नसेल तर एक लिटरला सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ.

आता पाण्याचा धोका. हा भाग मुलासोबत बसून वाचा. इथल्या ओढ्यांचं पाणी विंध्याच्या कड्यावरून खाली येतं. वर पठारावर पाऊस पडतो, तेव्हा खाली कुंडाशी ऊन असू शकतं, आणि थोड्याच वेळात लोंढा येतो. २०११ च्या जुलैमध्ये पातालपाणी धबधब्यावर असंच एकाएकी पाणी वाढून प्रवाहात अडकलेलं कुटुंब वाहून गेलं होतं. खुणा तीन: स्वच्छ पाणी गढूळ होणं, काड्या-पालापाचोळा वाहत येणं, आणि आवाज बदलणं. यातली एक जरी दिसली, तरी सामान तिथेच सोडून उंच बाजूला जायचं. पलीकडच्या काठाला असलात तर पलीकडेच थांबायचं, अलीकडे यायचा प्रयत्न करायचा नाही. रपट्यावरून (ओढ्यावरच्या ठेंगण्या पुलावरून) पाणी वाहत असेल तर गुडघ्याएवढंही ओलांडायचं नाही, पायी नाही आणि बसनेही नाही. कुंडात उडी नाही. वरून शांत दिसणाऱ्या पाण्याखाली काळा कातळ असतो आणि त्यावर शेवाळ.

सावध: पातालपाणी ते कालाकुंड रेल्वेरुळावरून आणि बोगद्यांतून चालण्याच्या सहलींच्या जाहिराती येतात. रुळांवर विनापरवाना जाणं रेल्वे कायद्याने गुन्हा आहे, आणि बोगद्यात गाडी आली तर बाजूला व्हायला जागा नसते. ज्या गटाच्या कार्यक्रमात हे आहे, त्याच्यासोबत मुलाला पाठवू नका.

मधमाश्या: अत्तर, डिओ, तीव्र वासाचं तेल लावून जायचं नाही. पोळ्याखाली आरडाओरडा, दगड, धूर नाही. उठल्याच तर हात न हलवता, तोंड झाकून, दाट झाडीकडे किंवा गाडीत. पाण्यात उडी मारायची नाही.

साप: पाय ठेवण्याआधी दिसायला हवं, दगडाखाली हात घालायचा नाही. चावलाच तर मुलाला झोपवा, तो अवयव मोडलेल्या हाडासारखा फळीने स्थिर करा, घड्याळ-कडं काढा आणि उचलून दवाखान्यात न्या. कापणं, चोखणं, आवळून बांधणं, झाडफूक, यातलं काही नाही. फोन १०८ किंवा ११२.

गडगडाट ऐकू आला की टेकडीच्या माथ्यावरून खाली, एकट्या झाडापासून दूर. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं तिथेच थांबायचं.

घरच्यांसाठी एक नियम. घाटात नेटवर्क जातं, तेव्हा दर तासाला फोन लावून घाबरू नका. त्याऐवजी परतीच्या वेळेनंतर दीड तास उलटला तर कोणाला फोन करायचा, हे आदल्या दिवशी प्रमुखांशी ठरवा. तो माणूस शहरात असलेला हवा, सहलीत असलेला नव्हे.

टप्पा ९: पहिला रात्रीचा मुक्काम

निदान दोन एकदिवसीय सहली झाल्यावरच. वनजमिनीवर मुक्काम असेल तर वनविभागाची लेखी परवानगी दाखवायला सांगा. महू-चोरलच्या जंगलात बिबट्याचा वावर आहे, त्यामुळे मुक्कामाची जागा गावाजवळची, शाळेची किंवा शेतातली बरी.

डिसेंबर-जानेवारीत इथे रात्रीचा पारा १० अंशांच्या आसपास येतो, दरीत त्याहून खाली. थंडी वरून कमी आणि जमिनीतून जास्त लागते. म्हणून अंगावरच्या दुलईआधी खालची कॅरीमॅट (गुंडाळता येणारी फोमची चटई) बघा. झोपताना दिवसभराचे घामट कपडे बदलून कोरडे घालायचे, मोजेसुद्धा. कानटोपी हवीच.

तंबू सूर्यास्ताआधी उभे झाले पाहिजेत. डिसेंबरात पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा चारला काम सुरू. ओढ्याच्या कोरड्या पात्रात तंबू कधीही नाही, सुक्या मोसमातही नाही. आत स्टोव्ह, मेणबत्ती, उदबत्ती नाही. शौचाची जागा पाण्यापासून किमान ६० मीटर, आणि रात्री जायचं तर जोडीने, टॉर्च घेऊन. सकाळी बूट उलटे करून झटकूनच पाय घालायचा, आत विंचू बसलेला असू शकतो.

पहिल्या मुक्कामाला रात्री नऊच्या सुमारास बरीच मुलं घरच्या आठवणीने गप्प होतात. त्या वेळी आईचा फोन आला तर रडू फुटतं आणि रात्र लांबते. फोन प्रमुखांकडे असू द्या. मुलाला आधीच सांगून ठेवा की वाईट वाटलं तर टोळीनायकाला किंवा ताईला सांगायचं, आणि त्यात लाज नाही.

टप्पा १०: घरी आल्यावर, आणि तीन महिन्यांनी

त्याच संध्याकाळी अंघोळीआधी काखा, जांघा, कानामागे गोचीड आहे का पाहा. असेल तर चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढा, तेल किंवा काडी लावू नका. पुढच्या दोन आठवड्यांत ताप आला, तर डॉक्टरांना जंगलात गेल्याचं सांगा. फोड फोडू नका, स्वच्छ करून झाका. तंबू किंवा झोपायची पिशवी ओली गुंडाळून ठेवली तर दोन दिवसांत बुरशी येते. सावलीत पूर्ण वाळवूनच परत करा, आणि ते काम मुलाकडूनच करून घ्या.

"मजा आली का?" एवढ्यावर थांबू नका. पाणी कधी संपलं, कोण मागे राहिलं, कोण थांबलं त्याच्यासाठी, दोरीवर तुझ्या हार्नेसची बकल कोणी तपासली, असं विचारा. एकाही उत्तरात मोठ्या माणसाचं नाव आलं नाही, तर तिसऱ्या टप्प्यातले प्रश्न घेऊन प्रमुखांकडे पुन्हा जा.

तीन महिने पूर्ण झाले की हजेरी मोजा. बारापैकी नऊ बैठका झाल्या असतील, आणि रविवारी सकाळी मूल तुम्ही न उठवता उठत असेल, तर पुढचे पैसे भरा. पाचाच्या खाली असेल तर भरू नका. आधी कारण शोधा: शिकवणीची वेळ आड येतेय, टोळीत कोणी छळतंय, की बूट चावताहेत. बुटांचं कारण वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा निघतं.